बारापेडेच्या वरचं आभाळ

बेळगाव जिल्ह्यातल्या हेम्माडग्याच्या अलीकडं, रस्त्याकडेच्या एका घराच्या अंगणात, दिवेलागण होऊन गेल्यावर सहा-सात वर्षांचा एक पोरगा मान वर करून म्हणाला, "आज्या, वर कायतरी टिकटिकालंय." आज्यानं कान दिला. जरा थांबला. "काय न्हाई बाळा, रातकिडं असतील. चल आत." पोरगा हटेना. "किडं न्हाईत, वरनं गेलं की!" आणि त्यानं बोटानं आभाळात एक रेघ ओढून दाखवली, अंगणातल्या फणसावरनं खालच्या भातशेतीकडं. मोठ्यांपैकी कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. भाकरी निवत होती. पोराला दंडाला धरून आत नेलं आणि विषय तिथंच संपला. ती रेघ मात्र डोक्यातून जाईना, कारण पोरगं बहुधा खरं बोलत होतं.

माणसाचा कान वरच्या टोकाकडून झिजत जातो. लहान मुलाला २० किलोहर्ट्झपर्यंतचा, म्हणजे सेकंदाला वीस हजार कंपनांचा, आवाज ऐकू येतो. पन्नाशी-साठीला तीच मर्यादा बारावर किंवा त्याच्याही खाली येते, आणि हे इतकं हळूहळू घडतं की आपलं काही हरवलंय याचा पत्ता लागत नाही. वटवाघळं अंधारात वाट काढताना आणि भक्ष्य हेरताना जो आवाज काढतात तो बहुतेकदा २०च्या पुष्कळ वरचा असतो, त्यामुळं तो कुठल्याच वयाच्या माणसाला ऐकू येत नाही. पण भीमगडच्या या रानात एक जात अशी आहे की तिची हाक १५ किलोहर्ट्झच्या आसपास घुमते. पोरांच्या कानाला ती लागते, त्यांच्या आज्यांच्या कानावरून निघून जाते. खानापूर तालुक्यातल्या या पट्ट्याचं जगभरात जे काही नाव आहे, ते या प्राण्यामुळं आहे. त्याला बघितलेली माणसं मात्र तालुक्यात बोटावर मोजण्याइतकीच सापडतील.

राउटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं १९११ साली देशभरातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली. त्या कामावर असलेला एस. एच. प्रेटर हा विशीतला तरुण या रानात आला आणि तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत त्याला हे वटवाघूळ मिळालं. नमुने लंडनला गेले. १९१३ साली ओल्डफील्ड थॉमस यांनी ते नवीन जात म्हणून नोंदवलं. नाव दिलं राउटन यांचं. मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यात आयुष्य घालवलेले हे अधिकारी, आणि त्या पाहणीची कल्पनाही त्यांच्याकडूनच पुढं आलेली. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षं सगळ्या जगात या जातीचा एकच ठावठिकाणा माहीत होता, आणि तो होता बारापेडे. पुढं कंबोडियात एक सापडलं, मेघालयातल्या गुहांत काही सापडली. त्यामुळं जागतिक यादीत 'अतिसंकटग्रस्त' या रकान्यातून ते 'माहिती अपुरी' या रकान्यात गेलं. आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत, बराच काळ दोनच वटवाघळं होती. एक हे, आणि दुसरं तमिळनाडू-केरळच्या डोंगरातलं, सलीम अलींच्या नावाचं. बाकी फळं खाणारी सगळी वटवाघळं त्याच कायद्यात उंदीर-घुशींबरोबर उपद्रवी म्हणून बसवलेली होती. हा भेदभाव २०२२च्या दुरुस्तीपर्यंत चालला.

दिसायला हा प्राणी देखणा आहे, हे ठामपणे सांगायला हवं, कारण वटवाघूळ म्हटलं की लोकांचं तोंड आधीच वाकडं होतं. पाठ गडद चॉकलेटी. मानेमागं फिकट राखाडी पट्टा. दोन्ही कुशींवर, जिथं अंग संपून पंख सुरू होतो, तिथं बारीक पांढरी कड. कोपरापासून मनगटापर्यंतचं हाड साडेसहा सेंटिमीटरच्या घरात, म्हणजे कीटक खाणाऱ्या वटवाघळांत हे चांगलंच दांडगं. कान प्रचंड. दोन्ही कान कपाळावर एकमेकांना जुळलेले आणि टोपीच्या झापेसारखे नाकाच्याही पुढं आलेले. शेपटीचा अर्धाअधिक भाग मागच्या पडद्यातून मोकळा बाहेर. पंख लांब आणि अरुंद. या पंखांत त्याची सगळी जीवनकथा आहे. असे पंख मोकळ्या हवेत, झाडांच्या शेंड्यांच्या वर, वेगानं सरळ उडायला बनलेले असतात. दाट रानात फांद्या चुकवत गिरक्या घेणं त्यांना जमत नाही. जमिनीवरून झेप घेणंही जड जातं. उंचावरून आधी खाली सुटायचं, वेग घ्यायचा, मग पंख पसरायचे, ही त्याची रीत. म्हणून त्याला उंच छत लागतं आणि त्या छताखाली मोकळी जागा लागते.

गुहेचं नुकसान कसं होतं, ते इथून समजायला लागतं.

दोन-चार तरुण मोबाइलची बॅटरी पेटवून आत शिरतात. कुणाचाही हेतू वाईट नसतो. पण छतावर प्रकाश पडला की थवा हलतो, आणि दिवसा हललेल्या थव्यातल्या प्रत्येक जिवाची शक्ती वाया जाते. कीटक खाणारं वटवाघूळ दिवसभर अंग थंड ठेवून शिल्लक वाचवतं. त्याला जागं करणं म्हणजे रात्रीची कमाई दुपारी उधळायला लावणं. पिल्लं असताना तर हे फारच वाईट. बहुतेक वटवाघळांप्रमाणं वर्षाकाठी मादीला एकच पिल्लू. गडबडीत ते निसटून खाली पडलं तर सपाट जमिनीवरून त्याला उडता येत नाही, आणि खाली लेंडीच्या थरात झुरळं, भुंगेरे, मुंग्या यांची अख्खी वस्ती असते. पिल्लाची सुटका होत नाही. एक पिल्लू गेलं म्हणजे त्या मादीचं वर्ष गेलं. थवा लहान असला की अशी पाच-सहा वर्षं त्याला संपवायला पुरतात. शिकारी लागत नाही, जाळं लागत नाही. हौस पुरते.

धुराचं तर याहून वाईट. आडव्या गुहेला एकच तोंड असेल तर उन्हाळ्यात हवा तिथं दोन थरांत वाहते. आतली गार, जड हवा जमिनीलगत बाहेर येते आणि बाहेरची गरम हवा छताला लागून आत सरकते. गुहेच्या तोंडाशी बसलेल्या माणसाच्या पायाला गार वारा लागतो, म्हणून त्याला वाटतं की धूर बाहेरच चाललाय. प्रत्यक्षात तो डोक्यावरून आत जात असतो, नेमका तिथं जिथं वटवाघळं लटकलेली आहेत. चहासाठी तोंडाशी पेटवलेल्या तीन दगडांच्या चुलीचा धूर आतल्या घुमटात तासन् तास कोंडून राहतो. अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवणं हा वन्यजीव कायद्याच्या ३०व्या कलमाखाली गुन्हा आहे. पण कलमापेक्षा हवेचे हे दोन थर समजले तर माणूस स्वतःहूनच काडी खिशात ठेवील, असं वाटतं. आत न जाण्याचं एक कारण माणसाच्याही हिताचं आहे. सुक्या लेंडीच्या धुळीत एका बुरशीचे कण असू शकतात. ते श्वासातून फुप्फुसात गेले की न्यूमोनियासारखा आजार होऊ शकतो. परवानगी काढून अभ्यासाला जाणारेसुद्धा एन-९५ मास्क लावल्याशिवाय जात नाहीत.

भीमगडचं अभयारण्य डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र जेमतेम १९० चौरस किलोमीटर. दक्षिणेला काळी व्याघ्र प्रकल्प आणि पश्चिमेला गोव्याचं म्हादई अभयारण्य, २०८ चौरस किलोमीटरचं. वायव्येला चंदगड-दोडामार्गाकडं गेलं की २०२० साली राखीव झालेला तिलारीचा छोटा टापू. नकाशावर तीन राज्यांचे तीन रंग. रानात चालताना मात्र ऐन, किंदळ, नाणा, जांबा, हिरडा, जांभूळ, अंजनी आणि मधूनच भेरली माड. कणकुंबीला उगवलेली मलप्रभा पूर्वेकडं निघते, कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागराला जाते. काही मैलांवर देगावच्या रानात झिरपलेली म्हादई पश्चिमेला अरबी समुद्राकडं उतरते. पाण्याचा वाद, लवाद, टीएमसीचे आकडे हे सगळं आपल्याकडं शाळकरी पोरालाही पाठ आहे, ते इथं नको. आमगावला २०१० साली दहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला होता, हे मात्र लक्षात ठेवावं. या रानाचं रानपण त्या पावसात आहे. जून लागला की पायवाटेवर जळवा उभ्या राहून डोलतात. फांद्यांवर नेचे फुटतात. मलबारी चापडा ओढ्याकाठच्या वेलीवर हिरवा, तपकिरी, पिवळा, हवा त्या रंगात वेटोळं घालून बसलेला असतो. कधी वाटेत नागराज आडवा येतो. शेकरू, पिसोरी, खवल्या मांजर, लाजवंती, कोळसून, धनेशाच्या जाती, सगळे इथले. गवे आणि अस्वलं तर गावकऱ्यांच्या रोजच्या हिशेबातली. भात पोटरीला आलं की गव्यांच्या कळपाची एक रात्र वर्षाची कमाई घेऊन जाते, आणि भरपाईचा अर्ज पंचनाम्याच्या फोटोसकट वेळेत गेला नाही तर हातात काही येत नाही.

या सगळ्या जनावरांना अभयारण्याची हद्द कमी-अधिक लागू पडते. गवा ती ओलांडतो, पण चारीवरून, पायवाटेवरून, माणसाच्या डोळ्यांसमोर ओलांडतो. बारापेडेच्या वटवाघळाला ती हद्द लागूच नाही. संध्याकाळी गुहेतून सुटलं की ते वर जातं, शेंड्यांच्याही वर, आणि मोकळ्या आभाळात पतंगासारख्या किड्यांच्या मागं फिरतं. हाक कमी कंपनांची असण्याचं कारणही हेच. उंच पट्टीचा आवाज हवेत थोड्या अंतरात विरून जातो, खालच्या पट्टीचा लांब पोचतो. झाडीत शिकार करणाऱ्याला पाच-दहा मीटर पुढचं कळलं तरी भागतं. मोकळ्यावर वेगानं उडणाऱ्याला पुष्कळ पुढचं आधीच कळावं लागतं. आणखी एक गंमत म्हणजे अनेक निशाचर पतंगांना कान असतात. वटवाघळाची चाहूल लागली की ते पंख मिटून खाली पडतात. पण हे कान २० ते ५० किलोहर्ट्झला जास्त तिखट असतात. पंधराच्या हाकेला ते उशिरा जागे होतात. म्हणजे जी हाक पोराला ऐकू येते, तीच पतंगाला नीट ऐकू येत नाही.

तेव्हा १९० चौरस किलोमीटरची राखण करून या प्राण्याचं फक्त झोपायचं घर राखलं जातं. त्याचं जेवण खानापूरच्या भातावर, उसावर, नंदगड-जांबोटीकडच्या काजूच्या बागांवर उडत असतं. फवारणी वाढली की पतंग घटतात. गावच्या खांबांवर पांढरे झगझगीत एलईडी लागले की आजूबाजूचे पतंग ओढून घेतले जातात आणि अंधारातलं आभाळ रिकामं होतं. यावर उपाय साधा आहे आणि स्वस्तही. पिवळसर प्रकाशाचा दिवा, वर झाकण, उजेड फक्त खाली, आणि रात्री अकरानंतर बंद. ग्रामपंचायतीच्या एका ठरावानं होण्यासारखं हे काम आहे.

ज्यांना आपल्या अंगणावरून ते जातं का हे बघायचं असेल, त्यांना गुहेकडं जायची गरजच नाही.

साधा मोबाइल पुरतो. फोनचं ध्वनिमुद्रण सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुने घेतं, म्हणजे २२ ते २४ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज त्यात बसू शकतो. पण नेहमीचं रेकॉर्डर ॲप फाइल एमपी३सारख्या आवळलेल्या रूपात ठेवतं, आणि तसं करताना वरच्या पट्टीतलं बरंच कापून टाकतं. म्हणून 'वेव्ह' प्रकारात साठवणारं ॲप घ्यावं आणि आवाज स्वच्छ करण्याची सोय बंद ठेवावी, नाहीतर तीच टिकटिक गोंगाट समजून पुसली जाते. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासानं, भिंतीपासून आणि झाडापासून लांब, दोन मीटर काठीच्या टोकाला फोन माइकची बाजू वर करून बांधावा. दव पडतं म्हणून प्लास्टिकची पिशवी चढवायचा मोह होतो, तो टाळावा. पातळ प्लास्टिकसुद्धा वरचा आवाज अडवतं. दहा-दहा मिनिटांचे तुकडे घ्यावेत आणि संगणकावर त्यांचं आवाजचित्र उघडावं, म्हणजे उभ्या अक्षावर कंपनं, आडव्यावर वेळ. पंधराच्या आसपास छोट्या, किंचित उतरत्या, सुट्या सुट्या रेघा दिसल्या आणि त्या आधी फिक्या, मग ठळक, मग पुन्हा फिक्या झाल्या, तर काहीतरी डोक्यावरून उडत गेलं. तीच पट्टी एकाच जाडीनं मिनिटभर अखंड चालली तर तो झुडपात बसलेला नाकतोडा. चूक बहुतेकदा इथंच होते, कारण पावसाळा संपता संपता नाकतोडे याच पट्टीत सगळी रात्र किरकिरतात. दुसरी मुक्तपुच्छ वटवाघळंही याच्या जवळपासच्या पट्टीत बोलतात. म्हणून एका रेघेवरून जातीचं नाव लिहू नये. तारीख, वेळ, गाव आणि मूळ फाइल जपून ठेवावी. जाणकाराला ती पुरते.

गुहेतल्या थव्याची मोजणीही आत न जाता होते, आणि तशीच व्हायला हवी. वनखात्याचा परवाना आणि सोबत वनरक्षक, हे आधी. सूर्यास्ताच्या तासभर आधी पोचावं आणि तोंडाच्या एका बाजूला, थोडं खालच्या अंगाला बसावं, म्हणजे बाहेर पडणारी आकृती डोंगराच्या काळ्या पार्श्वभूमीवर हरवण्याऐवजी आभाळावर उठून दिसते. समोर बसलं की थवा तोंडाशीच घुटमळतो आणि मोजणी तिथंच फसते. प्रत्येक तोंडाला दोन माणसं, एकानं बाहेर जाणारी मोजायची, दुसऱ्यानं परत आत वळणारी. बाहेरच्यांतून आतली वजा. ही वजाबाकी विसरली की चाळीस वटवाघळांची सत्तर होतात, कारण बरीचशी पहिल्यांदा बाहेर डोकावून, गिरकी मारून पुन्हा आत जातात. दर मिनिटाला वेगळी नोंद करावी. लिहायला उजेड लागला तर बॅटरीवर लाल जिलेटिन कागद, तोही वहीकडं तोंड करून. एकाच गुहेत इतर जातीही राहतात. त्यांतल्या रुंद पंखांच्या जाती खालून, झाडीला धरून जातात. लांब अरुंद पंखांची, सुटल्या सुटल्या खाली घसरून मग वर चढणारी, तीच आपली. ढगाळ संध्याकाळी थवा वेळेआधी निघतो, टिपूर चांदण्यात रेंगाळतो, जोराच्या पावसात बाहेरच पडत नाही. म्हणून एका रात्रीच्या आकड्यावर काही बोलू नये. हंगामात मोजक्याच रात्री, पण दरवर्षी त्याच आठवड्यात, त्याच जागी बसून. अशी दहा वर्षांची वही त्या गुहेसाठी कुठल्याही फलकापेक्षा मोलाची ठरेल.

ती वही कोण ठेवणार, ही खरी काळजी आहे. तळेवाडी अभयारण्याच्या पोटातलं मराठी गाव. तिथल्या कुटुंबांचं स्थलांतर आता प्रत्यक्षात सुरू झालंय, कुटुंबामागं १५ लाख रुपये ठरलेत. त्यांनी जाऊ नये असं म्हणायचा अधिकार खानापूर-बेळगावात दिव्याखाली बसणाऱ्या कुणालाही नाही. पावसाळ्यात आजारी माणसाला लाकडाच्या डोलीत घालून चिखलातून खांद्यावर न्यायचं, वीज नाही, पोरांची शाळा तुटलेली, दारात अस्वल. हे त्यांनी पिढ्यान् पिढ्या काढलंय. जाणाऱ्याला सुखानं जाऊ द्यावं, रक्कम वेळेवर आणि पुरी मिळावी, नव्या जागी शेतीला पाणी असावं. पण गाव उठतं तेव्हा घरांबरोबर माहितीही उठते. कुठल्या ओढ्यावरून गुहेकडं वाट चढते, उन्हाळ्यात कारवी वाळली की आग कुठल्या उतारावरून आधी येते, अनोळखी माणसं कुठल्या बाजूनं घुसतात, शिकेकाई आणि हिरडा गोळा करताना कोण कुठं शेकोटी करतं, हे कुठल्याही फायलीत लिहिलेलं नाही. फेब्रुवारी ते मे या काळात बारापेडेच्या बाजूला धूर दिसला की पहिली हाक गावातून जायची. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळा केलेला पट्टा, वेळेवर साफ झाली नाही, पाचोळा पुन्हा साचला, तर ते आधी गुराख्याला दिसायचं.

म्हणून शेवटचं घर उठायच्या आधी दोन गोष्टी व्हाव्यात. या गावातल्या म्हाताऱ्यांना घेऊन त्या वाटा, झरे, आगीचे उतार नकाशावर गावच्या नावांसकट उतरवून घ्यावेत. हे आठ-पंधरा दिवसांचं काम आहे, आणि ते मराठी बोलणाऱ्या माणसानं करावं. दुसरं म्हणजे तिथल्याच तीन-चार तरुणांना गुहेचे राखणदार म्हणून बारमाही पगारावर घ्यावं. उन्हाळ्यापुरते हंगामी घेतले तर जूनमध्ये ते गोव्याला कामाला निघून जातात आणि पुढच्या जानेवारीत खात्याला नवा माणूस शोधावा लागतो, ज्याला तोंडाशी गार वारा लागला म्हणजे धूर बाहेर चाललाय असंच वाटणार. तरुणच घ्यावेत असं म्हणण्यामागं वयाचंही कारण आहे. विशीतल्या कानाला अजून सोळा-सतरा किलोहर्ट्झ सहज ऐकू येतात. संध्याकाळी गुहेपासून लांब, आपल्या नेहमीच्या दगडावर बसून थवा निघाला की नाही हे त्यांना यंत्राशिवाय सांगता येईल. एखाद्या दिवशी निघाला नाही तर का निघाला नाही, हे शोधायलाही तेच सकाळी उजाडताच जातील.